बाजारात विकलेला शब्द

आमच्या घरात इंग्रजीचे नऊ अवघड शब्द होते. त्यातला एक मी कळमनुरीच्या बाजारात नेऊन विकला.

शब्द कसा विकता येईल, असं कुणी म्हणेल. येतो विकता. त्याला चार पाय आणि दोन शिंगं असली की काही अडचण येत नाही. गिऱ्हाईक फक्त दात पाहतं. पण हे असं मधूनच सांगून उपयोग नाही. माझ्या मूर्खपणाला सुरुवात आहे, मध्य आहे आणि शेवट तर अजून रोज संध्याकाळी होतो. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

कळमनुरीपासून जीपनं अर्ध्या तासावर आमचं गाव. मी शेजारच्या गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवतो. आसपासच्या चार गावांत इंग्रजीचा माणूस म्हणून मला मान आहे. म्हणजे फवारणीच्या बाटलीवर काही बारीक छापलेलं असलं की लोक ती माझ्याकडे घेऊन येतात. मी चष्मा लावून बराच वेळ वाचतो आणि सांगतो, "लेकरांपासून लांब ठेवा." हा अर्थ आजवर एकदाही चुकलेला नाही.

माझी खरी ओळख मात्र माझ्या वह्या. अकरा वर्षांपूर्वी मी ठरवलं होतं की रोज इंग्रजीचे अवघड शब्द पाठ करायचे, आणि तेही शिस्तीत, 'ए'पासून 'झेड'पर्यंत. अकरा वर्षांत पाच वह्या भरल्या आणि मी 'पी'पर्यंत पोचलो. (तोवर 'ए' ते 'ओ' विसरलो होतो, पण वह्या होत्या ना!) जवळजवळ तीन हजार शब्द माझ्या मालकीचे होते. त्यातला एकही कधी तोंडातून बाहेर पडला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

माझी बायको वत्सला गावातल्या अंगणवाडीत सेविका आहे. सेविकांना सुपरवायझर होण्यासाठी खात्याची परीक्षा असते. वत्सलानं ती दोनदा दिली. बाकीच्या विषयांत चांगली निघाली आणि दोन्ही वेळा इंग्रजीत बुडाली. पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसणार नव्हती. म्हणजे यंदाची परीक्षा शेवटची. वीस वर्षं लोकांची लेकरं कडेवर घेऊन तिनं काढली होती आणि सुपरवायझर होऊन एकदा तरी कचेरीतल्या खुर्चीत बसायचं, एवढं एकच ती स्वतःसाठी मागत होती.

"घरात इंग्रजीचे मास्तर अन् मी इंग्रजीत नापास," ती म्हणाली. "लोक तुमाला काय म्हणतील?"

तिला माझ्या अब्रूची काळजी होती. मलाही माझ्याच अब्रूची काळजी होती. त्यामुळे तिची काळजी करायला घरात कुणी उरलंच नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

मी कामाला लागलो. मागच्या पेपरांतले शब्द चिठ्ठ्यांवर लिहून घरभर चिकटवले. आरशावर, पिठाच्या डब्यावर, रांजणावर, मायच्या पानाच्या डबीवर. माय म्हणजे माझी आई. तिनं डबीवरची चिठ्ठी सोलून चुलीत घातली आणि म्हणाली, "तुह्या इंग्रजीनं चूल चांगली पेटती." वत्सला बिचारी भाकरी थापता थापता चिठ्ठ्या वाचायची. सकाळी पाठ केलेला शब्द दुपारी गायब. संध्याकाळी मी विचारायचो आणि ती माझ्याकडे अशी पाहायची, जसं तिनं कुणाचं हरवलेलं जनावर लपवून ठेवलंय.

आठव्या दिवशी तिनं खाली बसकण मारली.

"या शब्दाला तोंडच न्हाई हो," ती म्हणाली. "तुमी म्हणता व्होरेशस म्हणजे अधाशी. पण कोण अधाशी? कोणासारखा हाये तो शब्द?"

"शब्द कोणासारखा नसतो. शब्द शब्द असतो."

"मंग मह्या ध्यानात न्हाई राहायचा."

इथं वत्सलाच्या माहेराबद्दल सांगायला हवं. तिचं माहेर गोरेगावकडचं, पिढ्यानपिढ्या शेळ्यामेंढ्या राखणारं. लग्नात तिच्या वडिलांनी एक शेळी दिली होती, तिच्या आता नऊ झाल्या होत्या. दिवसा त्या माय चारायला नेते आणि संध्याकाळी वाडग्यात, म्हणजे कुडाच्या गोठ्यात, घ्यायचं काम वत्सलाचं. तिच्या माहेरची रीत अशी की शेळ्या मोजायच्या नाहीत. मोजल्या की नजर लागते. वाडग्याच्या दारात उभं राहून एकेकीला नावानं हाक मारायची. जिची हाक झाली ती आत जाते. हाक उरली आणि शेळी आली नाही, तर एक कमी आहे हे समजायचं. आणि नावंही उगीच ठेवायची नाहीत. जनावराचा गुण बघून ठेवायची.

त्या संध्याकाळी मी घरात वही घेऊन बसलो होतो. बाहेरून हाक आली, "व्होरेशस!"

मी दचकून बाहेर आलो. वत्सला वाडग्याच्या दारात उभी होती आणि आमची काळी शेळी, जी मागच्या महिन्यात माझी हजेरीची वही खाऊन बसली होती, ती डुलत डुलत आत चालली होती.

"हे काय करून राहिली तू?"

"शब्दाला तोंड देऊन राहिले," वत्सला म्हणाली. "पुढचा सांगा. त्या बांड्या शेळीला कितीबी ओढा, ती आपलंच खरं करती. तिला काय म्हणतेत?"

"ऑब्स्टिनेट," मी नाइलाजानं सांगितलं.

आठ दिवसांत नऊच्या नऊ शेळ्यांची बारशी झाली. सारखी बें-बें करणारी गॅर्युलस. पान हललं तरी पळणारी टिमिड. कुत्र्यावर चालून जाणारी ऑडेशस. कुणाच्याही करडाला दूध पिऊ देणारी बेनेव्हलंट. सगळ्यांच्या आधी दारात घुसणारी ईगर. आणि सगळ्यांत शेवटी एक तांबडी शेळी होती. ती दारापर्यंत यायची आणि थबकायची. आत पाहायची, मागं पाहायची, एक पाय उचलायची आणि परत ठेवायची. तिला आत जायचं नसायचं आणि बाहेर राहायचंही नसायचं. वत्सला तिच्या पाठीवर हात ठेवायची, कानात दोन शब्द बोलायची, तेव्हा ती आत जायची.

"हिला कोणता?"

मला आठवेना. माझी वही 'पी'वर होती, हा शब्द 'आर'मधला निघाला आणि चिठ्ठ्यांतही नव्हता. वत्सलानंच मोबाईलवर शोधला. रिलक्टंट. मनातून राजी नसलेली.

बरं, एवढ्यावर ती थांबली नाही. शेळीच्या नावाला तिनं गणगोत लावलं. एकाच अर्थाचे शब्द म्हणजे शेळीचे सोयरे. उलट्या अर्थाचा शब्द म्हणजे जिच्याशी तिची शिंगं लागतात ती. ऑब्स्टिनेटची आई स्टबर्न, मावशी हेडस्ट्राँग, आणि डोसाइल नावाच्या गरीब शेळीशी तिचं वाकडं. रिलक्टंटची बहीण अनविलिंग, चुलती हेझिटंट, आणि ईगरशी तिचं कधीच जमायचं नाही. रोज संध्याकाळी एकेक शेळी आत जाताना तिचं सगळं खानदान वत्सला म्हणून घ्यायची. नऊ शेळ्यांत सत्तर-ऐंशी शब्द झाले आणि ती एकही विसरत नव्हती. गोत कोण विसरतं?

मायलासुद्धा यायला लागलं. एकदा मी शाळेतून येतोय तर माय गल्लीतून ओरडत पळत होती, "आरं, कोणीतरी पकडा! व्होरेशस सरपंचाच्या मेथीत शिरली!" आणि गल्लीतल्या दोन बायांनी बरोबर काळी शेळीच धरली.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. खरं सांगायचं तर पोटात दुखायला लागलं. अकरा वर्षं मी वह्या भरल्या आणि ही बाई पंधरा दिवसांत शेपट्या धरून पुढं निघून गेली!

त्यात वर्गात तो प्रकार झाला. नववीच्या धड्यात तोच शब्द आला, व्होरेशस. मी फळ्यावर लिहिला, मुलांकडे वळलो आणि अर्थ सांगायला तोंड उघडलं. अर्थ नव्हता. काल होता, आज नव्हता. मी खडू झटकला, खिडकीबाहेर पाहिलं, घसा साफ केला. पहिल्या बाकावरची सुवर्णा उभी राहिली. ती आमच्याच गावची.

"सर, बाईंची काळी शेळी."

सगळा वर्ग हसला. वाईट म्हणजे सगळ्या वर्गाला अर्थही समजला.

घरी येऊन मी वत्सलाला म्हणालो, "ही काय पद्धत झाली? परीक्षा शेळ्यांची आहे का? शास्त्रशुद्ध अभ्यास करायला पाहिजे."

"मला येऊन राहिलंय ना पण?"

"येणं वेगळं आणि शास्त्रशुद्ध येणं वेगळं," मी म्हणालो. या वाक्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

मी एक जाडजूड पुस्तक हेरून ठेवलं होतं. पाच हजार शब्द, नव्वद दिवसांत, सोबत मोबाईलवरचा क्लास. परीक्षेला एकवीस दिवस उरले होते, पण आपल्याला चांगलं पुस्तक हवं असलं की असले हिशेब माणूस घालत नाही. त्याच आठवड्यात वत्सला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला हिंगोलीला गेली. कळमनुरीचा बाजार होता. आणि तांबडी शेळी दोन वेळा बोकड लावूनही गाभण राहिलेली नव्हती. दूध नाही, करडू नाही, नुसती दारात उभी. मी मनाशी म्हणालो, एका भाकड शेळीत पाच हजार शब्द येतात. बायको आली की खूश होईल. (हे मी खरंच म्हणालो. स्वतःला फसवताना मला कधी शब्द कमी पडत नाहीत.)

माय म्हणाली, "तिला इचारलं का?"

"तिच्यासाठीच चाललंय सगळं."

"मंग तिलाच इचारायचं व्हतं," माय म्हणाली आणि शेळ्या घेऊन रानात निघून गेली.

शेळीला जीपमध्ये चढवताना मला घाम फुटला. ती पुढचे दोन पाय आत ठेवायची आणि मागचे दोन काढायची नाही. मी मागून ढकलत होतो, ड्रायव्हर वरून ओढत होता.

"मास्तर, तिला यायचं न्हाई," ड्रायव्हर म्हणाला.

"मला माहीत आहे. तिचं नावच तसं आहे."

बाजारात पांढऱ्या टोपीचा एक माणूस भेटला, सिद्धेश्वरकडचा. त्यानं दात पाहिले, पाठ चाचपली आणि विचारलं, "काय नावानं हाक मारता हिला?" चार लोक उभे होते. त्यांच्यापुढं शेळीचं इंग्रजी नाव सांगायची मला लाज वाटली. "काही नाही, अशीच आहे," मी म्हणालो. शेळीनं माझ्याकडे पाहिलं. ती पाहतेय हे मला दिसलं आणि मी दुसरीकडे पाहिलं. जनावर विकलं तरी दावं द्यायचं नसतं, एवढी रीत मला माहीत होती. दावं सोडून पिशवीत टाकलं आणि पुस्तक घेऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी वत्सला आली. पुस्तक मी तिच्यासमोर ठेवलं. तिनं पुस्तकाकडे पाहिलं नाही. खुंटीकडे पाहिलं. तिथं रिकामं दावं लटकत होतं.

"कोणाचं?"

मी सांगितलं. तिनं दावं हातात घेतलं.

"शेळ्या इकायलाच असतेत," ती म्हणाली. "त्याचं काही न्हाई. हाक सोडली व्हती का पण तुमी?"

"म्हणजे?"

तेव्हा मला तिच्या माहेरची दुसरी रीत कळली. लग्नाला वीस वर्षं झाल्यावर. जनावर विकायच्या आधी जो त्याला रोज हाक मारतो त्यानंच त्याच्या कानात सांगायचं असतं, "तुही हाक सोडली, आता तिकडल्या हाकेला जाय." मग जनावर नव्या घरी रुळतं. हाक न सोडता विकलं तर ते मागच्या हाकेची वाट पाहत राहतं. आणि एकीची हाक अडकून पडलेली असताना बाकीच्यांना हाक मारायची नाही. ते बरं नसतं.

"किती दिवस मारायची नाही?"

"सोडवूस्तोवर."

"आणि तुझा अभ्यास?"

वत्सलानं पुस्तक उचललं आणि म्हणाली, "हे हाये ना आता."

त्या संध्याकाळपासून आमच्याकडे हाक बंद झाली. तोटा पहिल्यांदा शेळ्यांच्या लक्षात आला. आठही जणी दारासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि हाक नाही म्हणून आत जाईनात. मी पुढं झालो, छाती भरून ओरडलो, "व्होरेशस!" काळी शेळी माझ्या लुंगीचा काठ चावत राहिली. "ईगर!" ईगर खाली बसली. "ऑब्स्टिनेट!" हिनं मात्र ऐकलं. दोन पावलं मागं गेली आणि आली ती थेट माझ्या गुडघ्यावर. शेवटी मी आणि मायनं एकेकीला उचलून आत टाकलं. माय म्हणाली, "इंग्रजीचा मास्तर हाये म्हणं."

वत्सला रोज अंगणवाडीतून आल्यावर ते जाड पुस्तक घेऊन बसायची. पानावर शब्द रांगेत उभे, एकालाही तोंड नाही. नवे शब्द शिरत नव्हते आणि जुनेही रोजची उजळणी बंद झाल्यावर विस्कटायला लागले. टिमिडची बहीण ऑडेशसच्या घरात जाऊन बसायची. मी तपासायला विचारायचो. ती चुकायची आणि चुकल्यावर आधीसारखी हसायची नाही. एकदा मी म्हणालो, "अगं, मार हाका, काय होतंय? अंधश्रद्धा आहे ही." ती म्हणाली, "तुमची अकरा वर्षांची वही हाये ना, तशीच ही मही." मी तेव्हाच उठून सिद्धेश्वरला जायला हवं होतं. गेलो नाही. चूक केली हे गावभर दिसेल याची लाज वाटत होती. त्या लाजेत अठरा दिवस गेले.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मला राहवेना. मोटारसायकल काढली आणि सकाळीच सिद्धेश्वर गाठलं. धरणाच्या पाण्याच्या कडेला मोठा कळप चरत होता. पंचवीस-तीस शेळ्या, त्यात पाच-सहा तांबड्या. मला शेळ्या शेपटाकडून सारख्याच दिसतात. मी काठावर उभा राहून हाक मारली, "रिलक्टंट! ए रिलक्टंट!"

शेजारी जाळं उकलत बसलेल्या एका म्हाताऱ्यानं मान वर केली.

"कोणाला बलावून राहिले?"

"शेळीला. इंग्रजी नाव आहे तिचं."

"म्हंजी काय व्हतं?"

"मनातून राजी नसलेली. यायला तयार नसलेली."

म्हाताऱ्यानं जरा विचार केला. "मंग ती कशाला येईन बाबा?" तो म्हणाला आणि परत जाळ्याला लागला.

त्याचं बरोबर होतं. तिला आणायला हाक नव्हती, हात लागत होता, आणि तो माझा नव्हता.

मी पांढऱ्या टोपीचं वर्णन सांगत फिरलो. दुपारी घर सापडलं. टोपीवाल्याची आई, अनुसयाबाई म्हणून, ओट्यावर बसल्या होत्या. आणि त्यांच्या कुडाच्या दारात, एक पाय उचलून, आमची शेळी उभी होती. आत पाहत होती, मागं पाहत होती.

"आत जातच न्हाई बाप्पा," अनुसयाबाई म्हणाल्या. "अठरा दिस झाले. रोज उचलून न्यावं लागतंय. कोणाची तरी वाट पाहून राहिली."

मी म्हणालो, मला ती परत द्या, जे काही असेल ते घ्या.

"आता कशी देऊ? गाभण हाये ती."

"गाभण?"

"दोन म्हयने झाले असतील. तुमी काय भाकड म्हणून इकली का काय?" त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "काय करता तुमी?"

"मास्तर आहे," मी म्हणालो.

"व्हय का," म्हणाल्या. त्या दोन शब्दांत माझी सगळी नोकरी आली.

घरी येऊन मी वत्सलाला सगळं सांगितलं. गाभण असल्याचंही सांगितलं. दारात उभी असते हे मात्र सांगायला नको होतं. तेही सांगितलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी कुणाला काय सांगू नये, याचं ज्ञान मला वीस वर्षं शिकवून झालेलं नाही.

"उद्या पेपर झाला की जाऊ," वत्सला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हिंगोलीला केंद्राबाहेर मी लिंबाखाली थांबलो. पेपर सुटला. बायका घोळक्यानं बाहेर आल्या, उत्तरं ताडून पाहत होत्या. वत्सला सगळ्यांच्या शेवटी आली. मोटारसायकलवर मागं बसली आणि म्हणाली, "सिद्धेश्वरला चला."

औंढ्याच्या फाट्यापर्यंत मी विचारायची हिंमत केली नाही. मग विचारलं, "इंग्रजी कसं गेलं?"

"बरं चाललं व्हतं," मागून आवाज आला. "अधाशीचं आलं, अडेलाचं आलं. अन् मंग तो शब्द आला. रिलक्टंट. खाली चार अर्थ."

"मग? तुला तर येत होता."

"येत व्हता हो. चारीच्या चारी सोयरे येत व्हते. पण तो शब्द पाह्यला अन् मला ती दारात उभी दिसली. एक पाय उचललेली. डोळ्यातलं पाणीच थांबंना. पहाऱ्यावरल्या बाई दोनदा येऊन म्हणाल्या, तब्येत बरी न्हाई का. मंग घंटा झाली. मागचे दहा प्रश्न तसेच राह्यले."

मी गाडी चालवत राहिलो. मला फार वाईट वाटत होतं. ते तिला सांगायला हवं होतं आणि पाच वह्यांत त्यासाठी एकही शब्द नव्हता.

अनुसयाबाईंच्या दारात शेळी तशीच उभी होती. वत्सलाला पाहून ती ओरडली नाही, धावली नाही, फक्त कान हलवले. वत्सलानं तिच्या पाठीवर हात ठेवला, पोटावरून फिरवला आणि कानाला तोंड लावून बराच वेळ बोलत राहिली. मला शेवटचं तेवढं ऐकू आलं, "तुही हाक सोडली. आता या माउलीच्या हाकेला जाय."

मग ती उठून बाजूला झाली. शेळीनं आत पाहिलं. मागं पाहिलं नाही. सरळ आत गेली.

"गेली की वं!" अनुसयाबाई म्हणाल्या. "काय नाव सांगितलं व्हतं हिचं?"

"तुमी तुमचं ठेवा आता," वत्सला म्हणाली. "ते नाव संपलं."

निकाल दीड महिन्यानं लागला. वत्सला दोन गुणांनी राहिली. वयाची अट तशीच होती, ती कुणासाठी थांबत नाही. बातमी आली तेव्हा ती अंगणवाडीत लेकरांना खिचडी वाढत होती. वाढून झाल्यावर घरी आली, पुस्तक कपाटावर ठेवलं आणि म्हणाली, "असू द्या. खुर्चीवर बसून पाठच दुखली असती." मी बाहेर जाऊन ओट्यावर बसलो. माय शेजारी येऊन बसली. तिनं मला काहीही ऐकवलं नाही. त्या दिवशी काही ऐकवलं असतं तर बरं वाटलं असतं.

वत्सला मला कधी टाकून बोलली नाही. सिद्धेश्वरहून आलो त्याच दिवसापासून संध्याकाळच्या हाका पुन्हा सुरू झाल्या होत्या. निकालानंतर मला वाटलं, आता कशाला इंग्रजी नावं, बदलेल. तिनं बदलली नाहीत. उलट कपाटावरचं पुस्तक हळूच खाली आलं. परीक्षा नाही, अट नाही, तरी ती शेळ्यांच्या गोतात नवे सोयरे आणत राहिली. सुवर्णा आणि तिच्या मैत्रिणी वाडग्याच्या कुडाला टेकून ऐकायला येतात. माझ्या वर्गात त्या एवढ्या शांत बसत नाहीत.

फक्त शेवटची जागा रिकामी राहायची. आठवी शेळी आत गेली की वत्सला दाराशी घटकाभर तशीच थांबायची आणि मग दार ओढायची.

एका संध्याकाळी मी अंगणातच रेंगाळत होतो. घरात जावं तर ते पुस्तकाचं कपाट समोर दिसतं. बाहेर थांबावं तर वाडगं दिसतं. मी उंबऱ्यापाशी जाऊन थबकलो होतो. आठ हाका झाल्या. मग वत्सला पुस्तकाचं पान उलटत म्हणाली, "अहो, एक इचारू का? केलेल्या कामाचं ज्याला मनापासून वाईट वाटून राह्यलं, अन् ते सांगता येईना, त्याला इंग्रजीत काय म्हणतेत?"

"वहीत बघावं लागेल."

"तुमच्या वहीत न्हाई. 'आर'मधला हाये," ती म्हणाली. पुस्तक मिटलं, वाडग्याचं दार ओढलं, माझ्याकडे वळली आणि रोजच्या सुरात हाक मारली, "रिमोर्सफुल!"

कुडाला टेकलेल्या पोरी हसल्या. माय हसली. मी उंबऱ्यात उभा राहिलो, आत पाहिलं, मागं पाहिलं, एक पाय उचलला. तेव्हा वत्सला आली आणि तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

आता रोज आठ शेळ्या आत गेल्या की नववी हाक माझी असते. माझी वही अजून 'पी'वरच आहे. पण तीन हजार शब्द लिहूनही अर्थासकट पाठ झालेला माझा शब्द हा एकच, आणि तो म्हटला की मी मुकाट्यानं आत जातो.